औषधाच्या बाटलीआधी पाणी बघा

छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरोघरी धावपळ. ड्रम भरायचे, हंडे भरायचे, गच्चीवरच्या टाकीसाठी मोटर लावायची आणि पाणी चालू आहे तोवर दिवाणखान्यातली फिश टँकही उरकून घ्यायची. मासे बादलीत काढले जातात, काचा घासल्या जातात, तळातले खडे चोळून धुतले जातात, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला जातो आणि टाकी ताज्या पाण्यानं काठोकाठ भरली जाते. संध्याकाळी टाकी लखलखीत दिसते. दोन-तीन दिवसांत मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेऊ लागतात, एखादा तळाशी कलंडतो. मग घरातलं कोणीतरी दुकान गाठतं, "माशांना रोग झालाय, औषध द्या" म्हणतं आणि निळ्या औषधाची बाटली घेऊन येतं.

या सगळ्यात रोग कुठेच नाही. माशांना विषबाधा झाली आहे, तीही दोन प्रकारची. घरच्या टाकीत मरणाऱ्या माशांपैकी फार मोठा हिस्सा जंतूंनी नव्हे, पाण्यानं मरतो. म्हणून आजारांची ओळख करून घेण्याआधी पाण्याची ओळख करून घ्यायला हवी.

शहराचं पाणी पैठणजवळच्या नाथसागरातून येतं. फारोळ्याच्या केंद्रात ते शुद्ध होतं, त्यात क्लोरीन मिसळला जातो आणि नक्षत्रवाडीमार्गे ते वसाहतींत पोहोचतं. तो क्लोरीन माणसाच्या पोटासाठी आवश्यकच आहे. माशाच्या कल्ल्यांची नाजूक कातडी मात्र त्यानं भाजते. हे पहिलं विष. दुसरं टाकीतच तयार होतं. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. स्पंजात आणि खड्यांवर वाढणारे उपयोगी जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वसाहत नव्या टाकीत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज पिळला की ती एका झटक्यात संपते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

पाण्याचा दिवस आठवड्यानं किंवा त्याहून उशिरा येणाऱ्या वसाहतींत दोन्ही चुका एकदमच होतात. मधल्या दिवसांत पाणी नाही म्हणून बदलायचं नाही आणि पाणी आलं की सगळंच बदलायचं. माशाला नेमकं उलटं हवं असतं. पाणी साठवून ठेवण्याची या शहराला असलेली सवय इथे कामाला येऊ शकते. नळ आला की वीस-चाळीस लिटर पाणी माशांसाठी वेगळं काढावं आणि त्यात एअर पंपाचा स्टोन सोडून ते किमान चोवीस तास ठेवावं. क्लोरीन उडून जातो. झाकणबंद ड्रममध्ये तो लवकर उडत नाही, हे ध्यानात ठेवावं. डासांच्या भीतीनं भांडं उघडं ठेवता येत नसेल, आणि डेंगीच्या दिवसांत ते ठेवूही नये, तर वर पातळ सुती कापड बांधावं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन वापरावं. ते बहुधा सोडियम थायोसल्फेटचंच द्रावण असतं. आरोग्य विभागाचे मेडिक्लोरचे थेंब टाकलेलं किंवा ब्लीचिंग पावडर मारलेलं टँकरचं पाणी टाकीत सरळ ओतूच नये. एका वेळी टाकीतलं पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच दाबून धुवावा. स्पंज तपकिरी दिसला तरी चालतं. त्या तपकिरी थरातच टाकीचा जीव आहे.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण मराठवाड्याच्या काळ्या खडकातलं हे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. मॉली, गप्पी, गोल्डफिश यांना ते मानवतं. टेट्रा आणि डिस्कसना जड जातं. इथे आणखी एक बारकावा आहे. पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियाचा विषारी भाग साधारण दसपट होतो. म्हणजे ज्या टाकीत काल मासे ठीक होते तिथे बोअरचं पाणी ओतल्यावर, नवी घाण झालेली नसतानाही, ते तडफडू शकतात. उलट काही जण निव्वळ आरओचं पाणी भरतात. त्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे पीएच स्थिर राहत नाही. आरओ आणि बोअर मिसळून वापरावं, आणि एकदा ठरवलेलं प्रमाण सारखं बदलू नये.

याच शहरात पाणचक्कीच्या हौदात वर्षानुवर्षं मासे जगत आले आहेत. नहरीचं पाणी तिथे येत राहतं आणि वाहून जात राहतं. चाळीस-पन्नास लिटरच्या काचेच्या पेटीत वाहतं पाणी नसतं; ते काम आपल्याला हातानं, थोडं थोडं, दर आठवड्याला करावं लागतं. शोभेच्या गोल बाउलमध्ये तर गोल्डफिश ठेवूच नये. वाढ झालेला गोल्डफिश वीतभर लांब होतो आणि भरपूर घाण करतो. बाउलमध्ये तो जगत नाही, फक्त मरायला वेळ लावतो.

आता आजारांकडे वळू. मासा आजारी आहे हे अंगावर काही दिसण्याआधी वागण्यातून कळतं. खाणं टाकताना रोज दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहावं. धावत येणारा मासा मागे राहिला, पंख अंगाशी मिटून बसला, कोपऱ्यात एकटा थांबला, खड्यांवर किंवा हीटरवर अंग घासू लागला, तर त्याच दिवशी पाणी तपासावं. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजणारे थेंबांचे संच ऑनलाइन आणि मोठ्या दुकानांत मिळतात. औषधांच्या पाच बाटल्यांपेक्षा असा एक संच जास्त मासे वाचवतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. संच नसेल तर एक ठोकताळा आहे. सगळेच मासे एकदम अस्वस्थ झाले, वर येऊन हवा घेऊ लागले, कल्ले लालभडक किंवा तपकिरी दिसू लागले, तर दोष पाण्याचा. एकच मासा आजारी आणि बाकीचे मजेत असतील, तर रोगाचा विचार करावा. पाण्याचा दोष निघाला तर औषध नकोच. क्लोरीन काढलेल्या पाण्यानं एक तृतीयांश पाणी बदलावं, खाणं दोन दिवस बंद ठेवावं, हवा वाढवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी बदलावं.

खऱ्या रोगांत सर्वांत जास्त भेटणारा म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा, दुकानदारांच्या भाषेत 'व्हाइट स्पॉट' किंवा 'इक'. अंगावर आणि पंखांवर रवा भुरभुरल्यासारखे टिपूस दिसतात. टाकीचा दिवा बंद करून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड बाजूनं पाडला तर ते स्पष्ट दिसतात, प्रत्येक ठिपका वेगळा आणि किंचित उंच. संभाजीनगरात हा रोग हिवाळ्यात डोकं वर काढतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बारा अंशांच्या खाली उतरतो, हीटर नसलेल्या टाकीचं पाणी पहाटेपर्यंत गारठतं, दुपारी पुन्हा तापतं, आणि या चढउतारात माशाची प्रतिकारशक्ती ढासळते.

या रोगाचा कर्ता इक्थिओफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी आहे. शास्त्रज्ञ त्याला १८७६ पासून ओळखतात. त्याचं जीवनचक्र समजलं तर उपचार का फसतात हेही समजतं. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली पोसला जाणारा परजीवी. तिथे त्याच्यापर्यंत कोणतंही नेहमीचं औषध पोहोचत नाही. पोट भरलं की तो माशावरून गळून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जाऊन शेकडो पिल्लं तयार करतो. कवचातही औषध शिरत नाही. पिल्लं बाहेर पडून नवा मासा शोधत पोहू लागली की साधारण दोन दिवसांत त्यांना मासा सापडावा लागतो, नाहीतर ती मरतात. औषधाचा मारा फक्त याच टप्प्यावर बसतो. पंचविशीच्या तापमानाला हे चक्र आठवड्याभरात पुरं होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतं.

घरोघरी काय होतं? औषध टाकलं, तिसऱ्या दिवशी ठिपके गेले, मासा बरा झाला म्हणून औषध थांबवलं. ठिपके औषधानं गेलेलेच नसतात. परजीवी पोट भरून खाली उतरलेला असतो. आठवड्यानं शेकडो पिल्लांसह तो परततो आणि या वेळी कल्ल्यांतही घुसतो. म्हणून शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही उपचार किमान आठवडाभर चालू ठेवावा.

उपचाराचा पहिला भाग उष्णता. हीटरनं तापमान रोज एक-दोन अंश चढवत २८ ते ३० पर्यंत न्यावं. चक्र वेगानं फिरतं, पिल्लं लवकर बाहेर पडतात, आणि तिशीच्या आसपास परजीवीची वाढही खुंटते. गोल्डफिश गार पाण्याचा मासा, त्याच्यासाठी २७-२८ वर थांबावं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे एअर पंप पूर्ण वेळ चालू हवा. दुसरा भाग मीठ. आयोडीन नसलेलं साधं खडे मीठ, लिटरला २ ग्रॅम, एका दिवसात सगळं न टाकता तीन हप्त्यांत, आधी मगात विरघळवून. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी म्हणजे तीन घनफूट, सुमारे ८५ लिटर. खडे आणि वरची रिकामी जागा वजा केली की खरं पाणी ७० लिटर. त्याला मीठ १४० ग्रॅम. पुढे १५ लिटर पाणी बदललं तर मीठ त्या १५ लिटरांपुरतंच, ३० ग्रॅम, घालावं; बाष्पीभवनानं पाणी उडतं, मीठ उडत नाही. सकर, कोरीडोरस, लोच यांसारख्या तळाच्या माशांना आणि जिवंत वनस्पतींना मीठ सोसत नाही. त्यांच्यासाठी प्रमाण निम्म्यावर आणावं किंवा फक्त उष्णतेवर भर द्यावा. एवढ्यानं आटोक्यात आलं नाही तर मॅलाकाइट ग्रीनची तयार औषधं आहेत. हा रंग विषारी आहे, खाण्याच्या माशांसाठी त्याला बंदी आहे. हातमोजे घालूनच हाताळावा आणि लेबलवरच्या मात्रेच्या पुढे जाऊ नये.

एक फसगत टाळावी. गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीजवळच्या पंखांच्या पुढच्या काट्यावरच रांगेत पांढरे टिपूस आले असतील आणि मासा तरतरीत असेल, तर तो नर आहे आणि वयात आला आहे. उपचार करायचा नाही.

ठिपके फार बारीक, पिवळसर सोनेरी धुळीसारखे दिसले तर तो वेल्व्हेट. त्याचा परजीवी प्रकाशावरही जगतो, म्हणून टाकीचा दिवा बंद ठेवून काचांना कागद लावावा. बाकी उष्णता आणि मीठ तसंच, शिवाय वेल्व्हेटसाठी मिळणारं औषध. हा आजार झपाट्यानं मारतो, थांबायला वेळ देत नाही.

अंगावर कापसासारखे पुंजके दिसले की सगळे जण 'फंगस' म्हणतात. इथे थोडं थांबून नीट बघायला हवं, कारण दोन अगदी वेगळे रोग असे दिसतात. खरी बुरशी बहुधा जखमेवर, खवला निघालेल्या जागी किंवा मेलेल्या अंड्यांवर धरते. तिचे तंतू लांब आणि मोकळे असतात. दुसरा रोग कॉलम्नॅरिस, हा जिवाणूचा. तो तोंडाभोवती राखाडी-पांढरा थर आणतो, पाठीवर खोगिरासारखा पट्टा पाडतो आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करू शकतो. बुरशीला निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, आणि मीठ चांगलं लागू पडतं. कॉलम्नॅरिसमध्ये मात्र व्हाइट स्पॉटसारखं पाणी तापवलं तर रोग भडकतो. तिथे तापमान उतरवायचं, मासा वेगळा करायचा आणि प्रतिजैविकासाठी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यायचा.

शेपटीच्या कडा झिजून चिंध्या झाल्या, कडेला पांढरी किंवा लाल रेघ आली, तर तो फिन रॉट. त्याचं मूळ जवळपास नेहमीच घाण पाण्यात किंवा दुसऱ्या माशानं घेतलेल्या चाव्यात असतं. टायगर बार्ब आणि फायटर एका टाकीत ठेवले असतील तर औषधाआधी त्यांना वेगळं करावं. आठवड्यातून दोन-तीनदा थोडं पाणी बदलत राहिलं तर पंख पुन्हा भरून येतात.

पोट फुगून खवले सगळीकडून उभे राहिले, तर वरून टाकीत बघितल्यावर ते चटकन कळतं. याला ड्रॉप्सी म्हणतात. हा स्वतंत्र रोग नाही, मूत्रपिंड निकामी होऊन अंगात पाणी साठल्याचं चिन्ह आहे. मासा वेगळ्या पाण्यात ठेवून एप्सम सॉल्ट देतात, त्यानं सूज थोडी उतरते. पण खवले पूर्ण उभे राहिलेला मासा क्वचितच वाचतो, आणि ते वाचकांना आधीच ठाऊक असलेलं बरं.

ओरांडा किंवा रंचूसारखे गोल पोटाचे गोल्डफिश उलटे तरंगू लागले की घरातली मुलं घाबरतात. बहुतेक वेळा कारण खाण्यातलं असतं: तरंगणाऱ्या कोरड्या दाण्यांबरोबर हवा गिळणं आणि बद्धकोष्ठ. दोन दिवस उपास, मग साल काढून उकडलेल्या मटाराचा अर्धा दाणा. पुढे दाणे भिजवून द्यावेत.

अंगाला चिकटलेली हिरवट-पांढरी काडी दिसली तर तो अँकर वर्म. चपटा, सरकणारा लहान जीव दिसला तर फिश लाइस. हे बहुधा कोई आणि गोल्डफिशबरोबर तलावातून येतात. ओल्या कापडात मासा धरून चिमट्यानं मुळाशी पकडून काढता येतात, जखमेवर पोव्हिडोन आयोडीनचा एक थेंब; पण पाण्यातल्या पिल्लांसाठी टाकीला औषध द्यावंच लागतं.

औषध नेहमी वेगळ्या पाण्यात द्यावं. वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला मातीच्या कुंडीचा तुकडा, एवढं घरी असलं की झालं. मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत ओतलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात, वनस्पती कोमेजतात आणि काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. व्हाइट स्पॉटसारखे परजीवींचे आजार हे अपवाद. त्यांत परजीवी टाकीतही पसरलेला असतो म्हणून पूर्ण टाकीवरच उपचार करावा लागतो. औषधाच्या काळात फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. दोन औषधं कधीही एकत्र करू नयेत.

माणसांच्या औषधांच्या दुकानातून आणलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल टाकीत फोडण्याची पद्धत बंद व्हायला हवी. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी हे औषध बांधलं जातं आणि बऱ्याच अंशी निकामी होतं. म्हणजे बोअरच्या पाण्यात मासा बरा होत नाही, फक्त उपयोगी जिवाणू मरतात आणि चिवट जंतू तयार होतात.

नवा मासा तीन-चार आठवडे त्याच वीस लिटरच्या टबात ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपचार. शोभेचे मासे चेन्नईतलं कोळत्तूर, कोलकाता, मुंबई अशा ठिकाणांहून पिशव्यांत बंद होऊन, गर्दीत आणि उपाशीपोटी प्रवास करून दुकानांपर्यंत पोहोचतात. दुकानात आल्या दिवशीच मासा घेऊ नये. आठवडाभर तिथे टिकलेला घ्यावा, आणि ज्या टाकीत एकही मेलेला मासा तरंगतोय तिथला कितीही सुंदर असला तरी घेऊ नये. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागतं. २० अंशांच्या तुलनेत ३० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन सुमारे सहाव्या हिश्शानं कमी मावतो, आणि मे महिन्यात इथल्या गच्चीखालच्या खोलीत टाकीचं पाणी तिशी सहज ओलांडतं. अशात वीज गेली तर दाटीनं भरलेली टाकी काही तासांत गुदमरते. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात ठेवावा. नसेल तर मगानं पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतत राहावं. बर्फ थेट टाकू नये, बंद बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत ठेवावं. खाणं निम्मं करावं.

घरच्यांच्या तब्येतीसाठीही एक गोष्ट पाळावी. माशांमध्ये क्षयरोगाच्या जंतूचा एक भाईबंद असतो, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम. हातावर ओरखडा असताना टाकीत हात घातला तर तो कातडीत शिरून महिनोन् महिने न भरणाऱ्या गाठी आणतो. जखम असेल तर हातमोजे घालावेत आणि टाकीचं पाणी नळीला तोंड लावून ओढू नये. हातावरची गाठ डॉक्टरांना दाखवताना घरी मासे आहेत हे आवर्जून सांगावं, नाहीतर निदान लांबतं.

माशांवर उपचार करणारे पशुवैद्यक आपल्याकडे थोडे आहेत. मराठवाड्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. विचारायला जाताना आजारी माशाचा उजेडातला फोटो, पाण्याचा पीएच आणि तापमान, टाकीचं माप आणि गेल्या पंधरा दिवसांत काय बदललं याची टिपणं जवळ असावीत. त्यावरून निम्मं निदान होतं.

आणि वाचकांना एक कळकळीची विनंती. बरा न होणारा किंवा फार मोठा झालेला मासा हर्सूल तलावात, सलीम अली सरोवरात किंवा खाम नदीत सोडू नका. टाकी साफ ठेवतो म्हणून घेतला जाणारा सकर असाच कुणीतरी सोडून दिला आणि आज उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकतो, जाळी फाडतो, देशी माशांच्या जागा घेतो. टाकीतले रोगही त्याच वाटेनं तलावात जातात. मासा नको असेल तर दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. मेलेला मासा नाल्यात न टाकता मातीत खोल पुरा आणि टाकीचं औषध मिसळलेलं पाणी नदीच्या वाटेला जाऊ न देता मोकळ्या जमिनीत मुरवा.